सापडलं नाही, म्हणजे किती सापडलं नाही?

स्वयंपाकघरातल्या ओट्यावर हात ठेवा. ओटा करड्या किंवा गुलाबी ठिपक्यांच्या खऱ्या ग्रॅनाइटचा असेल, तर त्याच्या दर किलोत दर सेकंदाला हजाराच्या घरात अणुकेंद्रकं फुटत असतात. (बाजारात ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ म्हणून मिळतो, तो भूशास्त्राच्या हिशेबाने बहुधा ग्रॅनाइट नसतोच आणि त्यात हा आकडा बराच कमी भरतो.) ओट्याला टेकून उभा असलेला माणूसही मागे नाही. सत्तर किलोच्या देहात नुसत्या पोटॅशियमपायी दर सेकंदाला चार हजारांहून जास्त केंद्रकं फुटतात. यात घाबरण्यासारखं काही नाही. माणूस ही जात अशाच दगडांवर आणि अशाच देहात वाढली आहे.

सेकंदाला एक केंद्रक फुटलं की त्याला एक बेक्वेरेल म्हणतात. आता अशी कल्पना करा की तुम्हाला एक धातूचं पिंप बनवायचं आहे आणि अट अशी आहे, की त्या धातूच्या एका किलोत दिवसभरात एखाद-दुसरंच केंद्रक फुटलं पाहिजे. ग्रॅनाइटच्या कोट्यवधी पट शांत. असा धातू दुकानात मिळत नाही, कारण असा हवा म्हणून कुणी दुकानदाराकडे जातच नाही. जातात फक्त जमिनीखालच्या प्रयोगशाळांतले भौतिकशास्त्रज्ञ. त्यांचा निम्मा जन्म अशा वस्तू शोधण्यात आणि तपासण्यात जातो.

एवढी शांतता कशाला हवी, ते आधी बघू. विश्वातलं बरंचसं वस्तुमान दिसत नाही. ते ज्या कणांचं असेल असा एक अंदाज आहे, ते कण साध्या पदार्थाला जवळजवळ दाद देत नाहीत. टनावारी झेनॉन वायू द्रव करून भरलेल्या टाकीत असा कण वर्षभरात चार-दोनदा एखाद्या केंद्रकाला धक्का देईल, किंवा तेवढाही देणार नाही. दुसरा शोध असतो ‘न्यूट्रिनोविरहित दुहेरी बीटा ऱ्हासा’चा. काही मोजक्या मूलद्रव्यांच्या केंद्रकांतून एकाच वेळी दोन इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. त्यांच्यासोबत न्यूट्रिनो, म्हणजे कशालाच सहसा न अडणारे अतिहलके कण, मुळीच निघाले नाहीत, असं कधी घडतं का, हे पाहायचं असतं. घडत असेलच, तर त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मी केंद्रकं फुटायला लागणारा काळ, १ वर सव्वीस शून्यं इतक्या वर्षांहून मोठं आहे, हे आजवरच्या प्रयोगांनी दाखवलं आहे. विश्वाचं वय १ वर दहा शून्यं, म्हणजे हजार कोटी, वर्षांहून थोडंसंच जास्त आहे, हे लक्षात घ्या.

जमिनीवर हे प्रयोग करणं व्यर्थ. आकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांतले म्यूऑन नावाचे कण आपल्या तळहातातून मिनिटाला शंभरेक जातात. म्हणून माणसं खाली गेली. इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखाली, वर १४०० मीटर खडक असताना, एका चौरस मीटरमधून तासाला एखादाच म्यूऑन जातो. अमेरिकेत साउथ डकोटात होमस्टेक ही सोन्याची जुनी खाण आहे. तिथे जवळपास दीड किलोमीटर खोलीवर दहा टन झेनॉनचा ‘लक्स-झेपलिन’ प्रयोग चालतो. कॅनडात सडबरीजवळ निकेलच्या खाणीत दोन किलोमीटर खोल ‘स्नोलॅब’ आहे.

पण गावात निजानीज झाली की घरातल्या घड्याळाची टिकटिक कानात शिरू लागते, तसं इथे होतं. वरचा गोंगाट थांबला की टाकी, स्क्रू, वायर, गोंद, खडक आणि हवा सगळे बोलायला लागतात.

बोलणारे कोण, ते थोडक्यात. पोटॅशियममधला एक अंश जन्मजात किरणोत्सारी असतो. काच, चिनीमाती, घाम, सगळीकडे तो आहे. युरेनियम आणि थोरियम हे दोघे एकेकटे येत नाहीत. युरेनियम फुटून थोरियमचा एक भाऊबंद, त्यातून पुढे रेडियम, त्यातून रेडॉन वायू, मग बिस्मथ, पोलोनियम आणि शेवटी स्थिर शिसं, अशी डझनाहून जास्त टप्प्यांची वंशावळ असते. थोरियमचीही स्वतःची वेगळी वंशावळ आहे. पोलादात कोबाल्ट-६० असतो, आणि तो तर माणसानेच घातलेला: झोतभट्टीच्या आतलं अस्तर किती झिजलं हे कळावं म्हणून त्यात किरणोत्सारी कोबाल्ट बसवायची पद्धत होती, शिवाय भंगारातूनही तो वितळणीत येतो.

आता खरं काम: तपासणी. यातलं मुख्य हत्यार म्हणजे जर्मेनियमचा स्फटिक. मोठ्या फुलपात्राएवढा, अतिशुद्ध, द्रव नायट्रोजनने उणे १९६ अंशांच्या आसपास थंड ठेवलेला. गॅमा किरण त्यात शिरून सगळी ऊर्जा टाकून गेला की तेवढ्या मापाचा विजेचा झटका मिळतो. प्रत्येक किरणोत्सारी केंद्रकाची गॅमा ऊर्जा ठरलेली असते. आलेखात १४६१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर (हे ऊर्जेचं माप) टोक दिसलं की पोटॅशियम. ६६२ वर सीझियम-१३७. ११७३ आणि १३३२ अशी जोडी दिसली की कोबाल्ट-६०. ६०९ वर बिस्मथ-२१४, म्हणजे युरेनियमच्या कुळातला. २६१५ वर थॅलियम-२०८, थोरियमच्या कुळातला. आवाजावरून माणूस ओळखावा तसं आहे हे. फक्त ऐकणाऱ्याच्या कानाभोवती तांब्याचा थर, त्याबाहेर वीसेक सेंटिमीटर शिशाच्या विटा, आणि आतल्या पोकळीत सतत नायट्रोजन सोडलेला, म्हणजे हवेतला रेडॉन आत ठरणार नाही.

नमुना आत ठेवण्याआधी तो धुतात, पुसतात, दुहेरी पिशवीत बांधतात. उघड्या हाताने धरला तर बोटाच्या ठशातलं पोटॅशियमही त्यात मोजलं जाईल. दार लावून घेतात आणि वाट बघतात. किती वाट?

समजा, एक किलो धातू आहे आणि त्यात युरेनियमच्या कुळाचं प्रमाण १ मिलिबेक्वेरेल, म्हणजे बेक्वेरेलचा हजारावा भाग, आहे. म्हणजे कुळातल्या प्रत्येक टप्प्यावर दिवसाला ८६ केंद्रकं फुटणार. त्यातल्या निम्म्याहून कमी वेळा तो ६०९ वाला गॅमा निघणार. निघालेल्यांतले बहुतेक भलत्याच दिशेने जाणार किंवा अर्धवट ऊर्जा टाकणार. स्फटिकात पूर्ण ऊर्जेने पोचणारा दिवसाकाठी एखादा. आणि नेमक्या त्याच जागी डिटेक्टरच्या स्वतःच्या अंगचाही दिवसाला एखादा मोजला जातो. मग तो आलेला एक कुणाचा? म्हणून नमुना दहा-वीस किलोंचा घ्यायचा, आणि मोजणी आठवडे, कधी महिने चालवायची.

यात एक मेख आहे. डिटेक्टरची स्वतःची कुरबुर जिथे आड येते, तिथे दुप्पट बारीक पाहायचं तर चौपट वेळ थांबावं लागतं. दहापट बारीक पाहायचं तर शंभरपट. महिन्याची मोजणी आठ वर्षांवर जाते. त्यामुळे नुसता धीर पुरत नाही, डिटेक्टरच आणखी स्वच्छ करावा लागतो. तो स्वच्छ वस्तूंचा बनवावा लागतो, आणि त्या वस्तू स्वच्छ आहेत हे ठरवायला आधी तसाच डिटेक्टर लागतो. कोंबडी आधी की अंडं, हा वाद इथे पिढ्या मोजून सोडवला गेला: एका पिढीच्या डिटेक्टरने पुढच्या पिढीसाठी तांबं आणि शिसं निवडून दिलं. ग्रान सासोतले असे डिटेक्टर आज किलोला १० मायक्रोबेक्वेरेलच्या (बेक्वेरेलच्या दहा लाखाव्या भागाला मायक्रोबेक्वेरेल म्हणतात) आसपास पोचले आहेत. म्हणजे किलोमागे दिवसाला एखादंच विघटन.

एवढं करून अहवाल येतो, त्यात पुष्कळदा लिहिलेलं असतं: ‘अमुक मायक्रोबेक्वेरेलपेक्षा कमी.’ म्हणजे सापडलं नाही. पण ‘सापडलं नाही’ आणि ‘नाही’ यांत फरक असतो, आणि माझ्या मते या सगळ्या विद्येचं मर्म त्या फरकात आहे. पाच मिनिटं मोजून ‘सापडलं नाही’ म्हणणं कुणालाही जमतं. तीन महिने मोजून ‘असलंच तर याहून कमी’ असा आकडा लिहून देणं म्हणजे त्या ‘नाही’लाही माप लावणं. प्रयोगाचा हिशेब करणारे पुढे तो आकडा असलाच असं धरून, सगळ्या भागांची बेरीज करून, वाईटात वाईट किती होईल ते बघतात. पाचशे भागांच्या पाचशे ‘याहून कमी’ची बेरीज कधी कधी किरणोत्साराच्या बजेटच्या बाहेर जाते. प्रत्येक भाग कदाचित निष्पाप असतो. पण कदाचितवर टाकी भरत नाहीत.

गॅमाची वाट बघण्यापेक्षा सरळ अणूच मोजले तर? तीही पद्धत आहे. चिमूटभर नमुना आम्लात विरघळवायचा, हजारो अंश तापलेल्या प्लाझ्मात, म्हणजे धगधगत्या वायूत, फवारायचा आणि वस्तुमानानुसार आयन (विद्युतभारित अणू) वेगळे करून २३८ आणि २३२ वस्तुमानाचे, म्हणजे युरेनियमचे आणि थोरियमचे, किती आले ते मोजायचं. अब्जात एक भाग युरेनियम म्हणजे किलोला साधारण १२ मिलिबेक्वेरेल. ही यंत्रं त्याच्या हजारपट खाली सहज जातात, आणि उत्तर महिन्यांऐवजी दिवसांत देतात. मग जर्मेनियमसमोर ताटकळायचं कशाला?

कारण ती वंशावळ. लाखो वर्षं न हललेल्या खडकात युरेनियम आणि त्याची पुढची सगळी पोरंबाळं ठरलेल्या प्रमाणात नांदतात. आजोबा मोजले की नातवंडांचा हिशेब आपोआप लागतो. पण खनिज भट्टीत किंवा आम्लात गेलं की हे एकत्र कुटुंब फुटतं. युरेनियम एका वाटेने जातं, रेडियम दुसऱ्या, शिसं तिसऱ्या. रेडियमचा रासायनिक स्वभाव बेरियमसारखा. त्यामुळे बेरियम वापरलेल्या पदार्थांत, उदाहरणार्थ चिनीमातीच्या कपॅसिटरमध्ये, तो चिकटून येऊ शकतो, मग युरेनियम जवळपास शून्य असलं तरी. नुसता युरेनियमचा आकडा बघून वस्तू पास केली तर फसलात. रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षं, म्हणजे तो प्रयोग संपायची वाट बघत बसणार नाही. युरेनियम आणि थोरियमचे अणू मोजायचे ते प्लाझ्माने, रेडियमच्या खालची मंडळी पकडायची ती जर्मेनियमने, रेडॉन किती झिरपतो हे बघायला नमुना बंद भांड्यात काही आठवडे कोंडून ठेवायचा आणि मग वायू काढून मोजायचा, आणि काही प्लॅस्टिकं अणुभट्टीत न्यूट्रॉनखाली धरून तपासायची. एकाच वस्तूला चार दारं.

टेफ्लॉनचा एक किस्सा इथेच सांगतो. झेनॉनच्या टाकीत प्रकाश परतवायला आतून टेफ्लॉन लावतात, कारण ते छान पांढरं आणि स्वच्छ असतं. पण त्यात फ्लोरिन भरपूर, आणि आल्फा कण फ्लोरिनवर आदळला तर न्यूट्रॉन बाहेर पडू शकतो. आल्फा कण बिचारा घन पदार्थात मिलिमीटरभरही चालत नाही, त्याची कुणाला भीती नसते. न्यूट्रॉन मात्र झेनॉनच्या केंद्रकाला असा धक्का देतो, की तो अदृश्य वस्तुमानाच्या कणाने दिल्यासारखाच दिसतो. म्हणजे टेफ्लॉनच्या पृष्ठभागावर प्रयोगशाळेच्या हवेतल्या रेडॉनची पिल्लं बसली, तरी बनावट सोनं तयार. म्हणून जुळणी करतात त्या खोलीतल्या हवेचासुद्धा रेडॉन काढून टाकतात.

धातूंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कळायला लोकांना वेळ लागला. ‘टायटॅनियम स्वच्छ असतं का?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. भजी तळताना पहिला घाणा आणि पाचवा घाणा सारखा उतरत नाही, तसं भट्टीतून निघालेल्या प्रत्येक घाण्याचं आहे. टायटॅनियमचं एक खनिज इल्मेनाइट, आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही आहे. अशा किनारी वाळूत थोरियमवालं मोनाझाइट कमीजास्त सोबत येऊ शकतं. पुढे कुठल्या खनिजातून, किती भंगार मिसळून, कोणत्या भट्टीत धातू काढला यावर सगळं ठरतं. लक्स-झेपलिनच्या लोकांनी टायटॅनियमचे आणि स्टेनलेस स्टीलचे अनेक नमुने महिनोन्‌महिने मोजले, त्यातला एक घाणा विलक्षण स्वच्छ निघाला, आणि टाकीसाठी त्याच घाण्यातला धातू घेतला. हे सगळं त्यांनी २०१७ मध्ये आकड्यांसकट छापलं. त्याच कंपनीचा पुढचा घाणाही तसाच निघेल, याची खात्री नव्हती.

आणि एवढं करून टाकी वेल्डिंगला गेली की? आर्गॉन वेल्डिंगला टंगस्टनची कांडी लागते. वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षं जी लाल टोकाची कांडी वापरतात, तिच्यात दोन टक्के थोरियम ऑक्साइड असतं, ठिणगी चटकन लागावी म्हणून. (पेट्रोमॅक्सच्या जाळीतही हेच थोरियम असायचं.) निवडून निवडून आणलेल्या टायटॅनियमच्या सांध्यात थोरियम शिंपडल्यासारखं. म्हणून वेल्डरला सिरियम किंवा लँथॅनमवाली कांडी द्यावी लागते, आणि लाल कांडी ज्यावर घासली ते ग्राइंडरचं चाकही वेगळं ठेवावं लागतं.

शिशाची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते, म्हणून आटोपशीर. शिसं हे आवरणासाठी उत्तम, पण ताज्या शिशात किरणोत्सारी शिसं-२१० असतं. तेही शिसंच, त्यामुळे कोणत्याही रसायनाने वेगळं निघत नाही. उपाय एकच, थांबणं: अर्धायुष्य २२ वर्षं, दोनशे वर्षांत पाचशेव्या हिश्शावर. सार्डिनियाजवळ दोन हजार वर्षांपूर्वी बुडालेल्या रोमन जहाजात शिशाच्या सुमारे हजार लगडी सापडल्या, एकेक तेहतीस किलोंच्या आसपास. इटलीच्या अणुभौतिकी संस्थेने त्या वर काढायला पैसे दिले आणि २०१० मध्ये त्यातल्या १२० लगडी ग्रान सासोतल्या ‘क्वोरे’ प्रयोगाला मिळाल्या. वरचे कोरीव शिक्के कापून पुरातत्त्वाला परत दिले आणि उरलेलं वितळवलं. पुरातत्त्ववाल्यांतले सगळेच यावर खूश नव्हते, आणि त्यांचं मला पटतं.

तांब्याला वेगळी खोड. ते शुद्ध मिळतं, पण जमिनीवर पडून राहिलं की विश्वकिरण त्यातच कोबाल्ट-६० घडवतात. विमानाने नेलं तर आणखी वेगाने. म्हणून होमस्टेकच्या खाणीत तांबं खालीच वाढवलं गेलं: आम्लाच्या टाकीत विजेने, थरावर थर. एका जाड नळकांड्याला वर्षभर. जर्मेनियमही जाड लोखंडी कवचाच्या पेटीत, रस्त्याने आणि जहाजाने प्रवास करतं.

इतकी पारख करूनही घात कसा होतो, त्याचं सगळ्यात चटका लावणारं उदाहरण जपानचं. कामिओकाच्या खाणीत, डोंगराखाली किलोमीटरभर, तोच न्यूट्रिनोविरहित ऱ्हास शोधणारा ‘कामलँड-झेन’ प्रयोग उभारला गेला. द्रवाने भरलेल्या मोठ्या गोलात, मधोमध तीनेक मीटर व्यासाचा नायलॉनचा पारदर्शक फुगा, जाडी २५ मायक्रॉन, आणि त्यात झेनॉन विरघळवलेलं. हा फुगा बनवला सेंदाईला, २०११ मध्ये. त्याच वर्षी मार्चमध्ये शंभरेक किलोमीटरवरच्या फुकुशिमात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

शरद ऋतूत मोजणी सुरू झाली. जिथे काहीच दिसू नये, तिथे २.६ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास एक उंचवटा दिसायला लागला. हव्या असलेल्या खुणेच्या अगदी शेजारी, पण नेमका तिच्यावर नाही. मग पोलिसांनी करावं तसं केलं: ज्ञात किरणोत्सारी केंद्रकांची अख्खी यादी घेतली, आणि इतक्या ऊर्जेचं, इतके दिवस टिकणारं कोण, असं गाळत गेले. उरले चार-पाच संशयित, त्यात मापाला बसली चांदी-११०एम, चांदीचा एक किरणोत्सारी प्रकार. फुग्याच्या पडद्यावर सीझियम-१३४ आणि १३७ ज्या प्रमाणात सापडले, ते प्रमाण फुकुशिमाच्या धुळीशी जुळत होतं, त्यामुळे चांदीही तिथूनच आली असावी. दुसरी शक्यता अशी होती की विश्वकिरणांनी झेनॉनमध्येच ती घडवली. काहीही असो, ती आत होती. झेनॉन उपसलं, द्रव गाळला, ऊर्ध्वपातन केलं. चांदीचं अर्धायुष्य २५० दिवस, तेही मदतीला आलं. २०१३च्या अखेरीस पुन्हा सुरुवात झाली, तेव्हा तो उंचवटा दहापटीहून जास्त खाली आला होता.

आपल्याकडे हे सगळं नवं नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल, १९६५ मध्ये, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी ओसाका आणि डरहॅमच्या सहकाऱ्यांबरोबर वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या, जगातल्या पहिल्या नोंदींपैकी एक. खाण २००१ मध्ये बंद झाली. २०१७ पासून झारखंडमध्ये जादुगुड्याला ५५५ मीटर खोल एक छोटी प्रयोगशाळा आहे, आणि ती आहे चक्क युरेनियमच्या खाणीत. चोराच्या आळीत कुलपाचं दुकान, पण म्यूऑन अडवायला खोली लागते आणि खोली तिथे तयार होती.

कुलाब्याला, समुद्रसपाटीवर, टाटा संस्थेत ‘टाइल्स’ नावाची मांडणी आहे: जर्मेनियमचा डिटेक्टर, भोवती शुद्ध तांबं, त्याबाहेर कमी किरणोत्साराचं शिसं. इथे वर डोंगर नाही, त्यामुळे ग्रान सासोइतकं बारीक दिसत नाही. पण पहिली चाळणी लावायला पुरतं. या मांडणीमागचा मूळ विषय कथील, आपल्या कल्हईतलंच. त्यातल्या कथील-१२४ या समस्थानिकात तो न्यूट्रिनोविरहित दुहेरी बीटा ऱ्हास होतो का, हे बघायचं. कथलाला ज्या वस्तूंचा शेजार लाभणार, त्या एकेक करून जर्मेनियमपुढे ठेवल्या गेल्या.

तामिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात, बोडीच्या डोंगरात भारताच्या न्यूट्रिनो वेधशाळेची गुहा ठरली होती. त्या डोंगराचा दगडही मुंबईत आणून याच डिटेक्टरपुढे ठेवला. सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टमध्ये असलं काही कमी असतं. बोडीचा दगड वेगळ्या जातीचा, त्यात पोटॅशियम भरपूर निघालं. भिंतींमधून किती गॅमा येतील, किती न्यूट्रॉन येतील, आवरण किती जाड लागेल, हे सगळं कागदावर मांडून झालं. ती गुहा अजून खोदली गेलेली नाही.